मामा कशाच्याही समोर उभे राहत नाहीत

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात कुठल्याही वस्तूच्या समोर उभे राहिलेले नाहीत. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. नळ, कुकर, गॅसची शेगडी, सोड्याची बाटली, सायकलचं फुगलेलं चाक, ज्या ज्या वस्तूला तोंड आहे आणि पोटात कोंडलेलं काहीतरी आहे, तिच्या तोंडासमोरची जागा मामांनी इतरांसाठी सोडून दिलेली आहे. बादली भरायची असली तरी ते नळाच्या कुशीला उभे राहतात, हात लांब करून चावी फिरवतात आणि तोंड पलीकडे करतात. आमच्या लग्नात तर मुहूर्त टळायची वेळ आली होती. भटजी “मामा, मुलीला घेऊन या” म्हणून ओरडताहेत, अंतरपाट धरलेला आहे, मी पलीकडे हार घेऊन उभा, आणि मामांचा पत्ता नाही. शोधाशोध झाली तेव्हा ते मांडवाच्या मागे एका फुगेवाल्याशी वाद घालताना सापडले. फुगेवाल्याने आपलं गॅसचं नळकांडं मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलं होतं आणि त्याचं तोंड बरोबर बोहल्याकडे होतं. ते कुंपणाबाहेर आडोशाला गेलं, दोरीने माडाला बांधलं गेलं, आणि मगच माझं लग्न लागलं. त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत आम्ही सारे समोर बघतो आहोत आणि मामा तेवढे डावीकडे, त्या माडाकडे बघताहेत.

हे मामा मिठबावचे. तरुणपणी फिटरचं काम शिकून ते तेलाच्या विहिरींवर गेले. आधी मुंबईजवळच्या समुद्रातल्या आणि मग आखातातल्या. जमिनीच्या पोटातून तेल आणि वायू ज्या जोराने वर येतात तो जोर लोखंडी नळ्यांत धरून ठेवायचा, हवा तेव्हा सोडायचा आणि नको तेव्हा अडवायचा, असलं त्यांचं काम. काही आठवडे समुद्रात, काही आठवडे घरी, अशी त्यांची उमर गेली. निवृत्त होऊन आले तेव्हा लोकांना वाटलं की आता गजाली ऐकायला मिळतील, वादळाच्या, हेलिकॉप्टरच्या, अरबांच्या. मामांनी एकही गोष्ट सांगितली नाही. त्यांनी बरोबर आणले होते ते फक्त नियम. नळीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही. काटा शून्यावर आहे म्हणून आत काही नाही असं समजायचं नाही. दाब असताना कुठलाही जोड आवळायचा नाही. आणि गळती हाताने शोधायची नाही, कधीच नाही. हे नियम त्यांनी विहिरीवर पाळले असतील त्याहून कडक मामींच्या स्वयंपाकघरात लागू केले.

मामींचा कुकर हा त्या घरातला सर्वांत मोठा धोका मानला जातो. तो शेगडीवर चढला की दारात लाल फीत लागते. खरोखरची लाल फीत. मामांनी तिचा गठ्ठाच आणलेला आहे. शिट्या झाल्या, गॅस बंद झाला, वाफ गेली, तरी झाकण काढायची परवानगी नाही. मामा बाजूने हात घालून उलथन्याच्या टोकाने शिटी उचलून बघतात, ऐकतात, पुन्हा ऐकतात, मग भिंतीकडे तोंड करून झाकण फिरवतात. एवढं होईतो डाळ निवते. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मामी वाढता वाढता म्हणाल्या, “जावयबापू, ह्यांच्या वांगडा संसार करूचो म्हणजे गरम आमटी नशिबात नाय.” मामा शांतपणे म्हणाले, “थंड आमटी खाऊन कोणाचो डोळो गेल्याचा मी आयकूक नाय.” याला उत्तर नसतं. मामांच्या कुठल्याच बोलण्याला उत्तर नसतं, आणि हीच त्यांच्याबद्दलची लोकांची मुख्य तक्रार आहे.

कामाआधी सभा घ्यायची सवय त्यांनी तेलाच्या विहिरीवरून आणली. नारळ काढायचे असले की सगळ्यांना खळ्यात गोळा करायचं आणि विचारायचं, आज काय काय चुकू शकतं? मी एकदा या सभेला हजर होतो. माडावर चढणारा पाडेली, मामी, मी आणि एक कुत्रा असे श्रोते होते. मामांनी दोरी तपासली, कोयता तपासला, नारळ पडायची जागा आखून दिली, पळायचं झालं तर कोणी कुठे पळायचं तेही सांगितलं. ऊन डोक्यावर आलं. शेवटी त्यांनी पाडेल्याला विचारलं, “आता तू सांग, काय चुकात?” तो बिचारा कोयता खाली ठेवून म्हणाला, “तुमी बोलान बोलान दुपार केलास, तीच चूक झाली. मी आता जेवान येतंय.” आणि गेला. त्या दिवशी नारळ निघाले नाहीत, पण अपघातही झाला नाही, हे मामांनी मला दोनदा लक्षात आणून दिलं.

मी वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात देखरेखीचं काम करतो. तिथे काजूची बी वाफेवर शिजवतात, आणि वाफ म्हटल्यावर मामांना घेऊन जाणं मी बरीच वर्षं टाळलं. एकदा ते आपणहून आले. आमचा बॉयलर नियमात आहे, त्याची तपासणी होते, तरी मामा त्याच्या भोवतीने अशा बेताने फिरले, जसं वासरू झोपलेल्या बैलाभोवती फिरावं. बाहेर आल्यावर मला वाटलं, आता उपदेश करणार. ते फक्त म्हणाले, “बरो ठेवलो हा.” मग थोडं थांबून, “तुमची खुर्ची मात्र तेच्या तोंडाफुडे आसा. ती वायच सरकवा.” मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी खुर्ची सरकवली. पंख्याचा वारा आता माझ्यापर्यंत येत नाही आणि विचारणाऱ्यांना मी काहीतरी भलतंच कारण सांगतो.

मामांच्या शेजारी बाबल राहतो. त्याच्याबद्दल सांगितल्याशिवाय मामांबद्दल सांगणं पुरं होणार नाही. बाबल सकाळी आंब्याच्या बागांवर फवारणी करतो आणि संध्याकाळी पखवाज वाजवतो. यातलं पहिलं काम तो पोटासाठी करतो. दुसऱ्यासाठी तो जगतो. भजनाला बाबल बसला की बुवांचा आवाज बसलेला असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही, असं त्याचं वाजवणं. शेजारपाजारच्या गावांत डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, ठरली की आधी विचारतात, पखवाजाक बाबल आसा मां? आणि मगच बाकीचं ठरतं. या गृहस्थाशी मामांचं रोज भांडण. कारण बाबलचा पंप. कलमं उंच, मोहोर शेंड्यावर, तिथवर औषध पोचवायचं म्हणजे इंजिनाचा पंप लागतो आणि त्याची लांबच लांब नळी. तिच्यात भरपूर दाब असतो. नळ्या जुन्या होतात, उन्हाने त्यांना बारीक भोकं पडतात, आणि आमच्याकडे त्यावर एकच उपाय सर्वमान्य आहे. इंजिन चालूच ठेवायचं, नळीवरून अंगठा फिरवत गळती शोधायची, सापडली की तिथे अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्या हाताने सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होताना नखरे करतं, म्हणून ही पद्धत. सगळेच असं करतात. बाबलचा बाप असंच करायचा.

मामांना हे बघवत नसे. त्यांनी बाबलला एक काठी करून दिली होती, टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावलेली. गळतीवर पुठ्ठा धर, पुठ्ठा भिजला की जागा कळली, मग इंजिन बंद कर, दाब सोड, आणि मगच हात लाव, असा तिचा विधी. नळीच्या जोडांना त्यांनी स्वतः तारेचे फास बांधून दिले, जोड सुटला तर नळी सापासारखी उसळू नये म्हणून. बाबलने तारा राहू दिल्या, काठी मात्र कलमाच्या फांदीला अडकवून ठेवली. “दादानू,” तो म्हणायचा, “ही मोहराची फवारणी आसा. तुमची तेलाची विहीर नाय.” मामा म्हणायचे, “नळयेक ठावक नसता, मेल्या, ती खंयची आसा ती.” बाबल याचा वचपा भजनात काढायचा. पखवाजाचं चामडं ताणलेलं असतं, म्हणून मामा त्याच्याही तोंडासमोर बसत नसत. पखवाजाची तोंडं असतात डावीउजवीकडे, त्यामुळे टाळकरी जिथे बसतात ती जागा मामांच्या हिशेबी धोक्याची. ते सभामंडपात अगदी मधोमध, बाबलच्या नाकासमोर बसायचे. बाबल मुद्दाम पखवाजासकट जरासा फिरायचा. मामा तेवढेच सरकायचे. अभंग संपेतो दोघांचा मंडपाचा चतकोर फिरून झालेला असायचा आणि बायका तोंडाला पदर लावून हसत असायच्या.

गेल्या मोहराच्या दिवसांत आम्ही दोघं नवराबायको मिठबावला गेलो होतो. मोहरावर तुडतुड्याची कीड पडली होती, त्यामुळे बाबलला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. एके सकाळी तो शेजारच्या बागेत फवारत होता. चहाच्या वेळेला तो इंजिन बंद करून आमच्या पडवीवर आला, हात साबणाने धुतले, पायरीवर बसला, बिडी शिलगावली आणि हसत म्हणाला, “दादानू, आज तुमचा खरा झाला. पायपान माका चावल्यान.”

“खंय?” मामांनी विचारलं.

बाबलने डावा पंजा पुढे केला. अंगठ्याच्या बुडाशी एक ठिपका होता. सुई टोचावी एवढा. रक्तसुद्धा नव्हतं. मी असतो तर विसरून गेलो असतो, आणि बाबलही विसरलाच होता; चहाबरोबर सांगायला म्हणून त्याने सांगितलं होतं. “मुंगयेन चावल्यासारख्या झाला,” तो म्हणाला, “दुखणा पण नाय.”

मामांच्या हातातली बशी खाली गेली. ते उठले आणि बाबलच्या समोर जाऊन उभे राहिले. मग जे बोलले ते मालवणीत नव्हतं. मामा फक्त कचेरीत गेल्यावर शुद्ध बोलतात, किंवा फार घाबरलेले असले तर, हे मला त्या दिवशी कळलं. “बाबल, बिडी टाक. हात वर धर, खाली सोडू नकोस. जावईबापू, गाडी काढा. आत्ताच्या आत्ता.”

बाबलने बिडीचा आणखी एक झुरका घेतला. “ओ, अर्दो मोहोर ऱ्हवलो हा. औषध कालवून ठेवलंय. फाल्या सकाळी बघूया.”

“फाल्या हात नसतलो,” मामा म्हणाले. या वेळी मालवणीत, आणि अगदी हळू. “आयक. भोक टाचणीएवढा दिसता. पण औषध आतमंदी गेल्ला आसा, थेट हाडापर्यंत. आता दुखणा नाय, हीच तेची लबाडी. सांजेक सुजात, राती काळो पडात, मगे कापूक लागात. तुका शनवारी पखवाजावर बसूचा आसा?”

“आसा,” बाबल म्हणाला.

“तर गाडयेत बस.”

मला वाटतं, हाडाचं ऐकून बाबल हलला नसता. शनिवारचं ऐकून हलला. मामांनी बागेत जाऊन औषधाची बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणली, आत काय गेलंय ते डॉक्टरांना कळायला हवं म्हणून. माझ्या गाडीच्या पुढच्या आसनावर मामा कधीच बसत नाहीत. समोरच्या पेटीत अपघातात फुगणारी वायूची पिशवी दडवलेली असते हे त्यांनी माझ्या आधी शोधून काढलेलं आहे. ते मागे बाबलजवळ बसले आणि त्याचा हात मनगटाशी धरून वर उचलून ठेवला. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी ठिपका बघितला, बाटली बघितली, एक प्रश्नही न विचारता कोल्हापूरच्या सर्जनना फोन लावला आणि आम्हाला तसंच तिकडे धाडलं. वाटेत तळेऱ्याला पोचेपर्यंत बाबल मामांची चेष्टा करत होता. मग घाट लागला. आरशात बघितलं तर त्याचा पंजा टरारून फुगला होता आणि तो तिकडे बघायचं टाळत होता. मामा बघत होते. साऱ्या घाटात त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “जावईबापू,” ते म्हणाले, “समोरच्या टँकरच्या मागे नको. बाजूने काढा.” अशा वेळीसुद्धा मला हसू आलं, आणि मागून बाबललाही आलं असावं, कारण तो हसता हसता कण्हला.

सर्जननी तळहात उघडला, आतलं सगळं धुऊन काढलं. शस्त्रक्रिया चालू होती तेव्हा आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. मामांनी बाक आधी थोडा सरकवून घेतला होता, कारण समोर ऑक्सिजनची नळकांडी उभी होती. मग ते आपणहून बोलायला लागले. विहिरीवर त्यांच्याबरोबर केरळचा एक सोबती होता. चहा तो फार चांगला करायचा, सगळ्यांना बोलावून बोलावून पाजायचा. एका नळीला घाम आल्यासारखं दिसलं म्हणून त्याने हातमोजा घातलेला हात तिच्यावरून फिरवला. काही लागलं नाही म्हणाला. संध्याकाळी कॅरम खेळला, जिंकलासुद्धा. हेलिकॉप्टर आलं ते दुसऱ्या दिवशी. “मगे मी सुट्टयेत तेच्या घराक गेलंय,” मामा म्हणाले. “तेणा बायलेक सांगल्यान, चाय कर. सोता उठलो नाय. कप डाव्या हातान धरी होतो.” मी विचारलं, तुम्ही त्यानंतरही तिथे इतकी वर्षं राहिलात? भीती नाही वाटली? मामांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी चमत्कारिक बोललो आहे. “रोज वाटायची. भियान ऱ्हवलंय म्हणान घराक परत इलंय,” ते म्हणाले. त्यांच्या भीतीला आम्ही सगळे इतकी वर्षं हसत आलो होतो, आणि त्यातले बरेचसे विनोद माझे होते. मला त्या बाकावर मामांविषयी अतोनात माया वाटली. तोवर ते उठून नळकांड्यांच्या साखळ्या नीट आहेत का ते बघायला गेले होते.

बाबलचा हात वाचला. सर्जन म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर वाचला नसता. अंगठा मात्र पुरा वळत नाही, आणि तळहाताच्या मधून एक जाड रेघ गेली आहे. शनिवारची डबलबारी अर्थात दुसऱ्याच कुणी वाजवली. पुढचे दोन महिने बाबल पडवीवर बसून रबरी चेंडू दाबत असे आणि कुंपणापलीकडून मामा, “आज वायच जास्ती वळलो,” असं रोज खोटं सांगत असत. मिठबावच्या बागांत आता जिथे तिथे पुठ्ठ्याच्या काठ्या दिसतात. लोक इंजिन बंद करतात, दाब सोडतात, मग नळीला हात लावतात. यामुळे मामा सुखी झाले असतील असं वाटेल. तसं काही नाही. काठ्या आखूड आहेत, अशी त्यांची तक्रार आहे.

रामनवमीला देवळात संध्याकाळचं भजन होतं, आणि बाबल पहिल्यांदा पखवाजाला बसणार होता. तो बसेल की नाही हे त्याचं त्यालाही नक्की नव्हतं. सबंध गाव आलं होतं, आणि सगळे भलतंच काहीतरी बोलत होते, हवेबद्दल, आंब्याबद्दल. बाबलने पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज घुमावा म्हणून लावतात ती कणीक लावली. ती त्याने अंगठा न लावता, बोटांनीच थापली. मी सवयीने मंडपाच्या मधोमध मामांना शोधलं. तिथे ते नव्हते. मला वाटलं, आलेच नाहीत. बघवणार नाही म्हणून घरी थांबले. मग मामींनी मला कोपराने खुणावलं. मामा टाळकऱ्यांत बसले होते, बाबलच्या डाव्या हाताला, पखवाजाच्या कणकेच्या तोंडासमोर, हातभर अंतरावर. मी वाकून त्यांच्याजवळ गेलो आणि विचारलं, मामा, आज इकडे कसे? त्यांनी माझ्याकडे मान वळवली नाही. “हयसून तेची बोटा बरी दिसतत,” ते म्हणाले.

बुवांनी सूर लावला. बाबलने डोळे मिटले आणि डावा हात टाकला. थाप पडली. पूर्वीसारखी नव्हती, अंगठा जिथे लागायला हवा तिथे एक बारीकशी जागा रिकामी राहत होती, आणि ज्यांनी बाबलला आधी ऐकलं होतं त्यांना ती कळत होती. पण ठेका सुटला नाही. पहिला अभंग संपला, दुसरा सुरू झाला, आणि बाबल नेहमीच्या खोडीने पखवाज घेऊन जरासा फिरला, इतका की कणकेचं तोंड नेमकं मामांच्या छातीवर आलं. मंडपातले सगळे बघत होते. मामा सरकले नाहीत. त्यांचे डोळे बाबलच्या अंगठ्यावर होते आणि त्यांचा स्वतःचा अंगठा मांडीवर आपोआप वळत होता.